मला सायकल येत होती

प्रिय अहो,

पस्तीस वर्षं तुम्हाला ‘अहो’ म्हणत आले, आता कागदावर नाव लिहायचं तर हात अडखळतो. तेव्हा ‘अहो’च राहू दे. ओ द्यायला तुम्ही नाहीत, पण ऐकून घ्यायला हरकत नसावी. जिवंतपणी तरी कुठे पहिल्या हाकेला ओ देत होता?

येत्या गुरुवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. तुमच्या सायकलवाल्या मित्रांनी ठरवलंय, की सकाळी कालव्याच्या रस्त्यावर जमायचं, तुमच्या फोटोला हार घालायचा आणि मी दोन शब्द बोलायचे. विषयही त्यांनीच दिलाय: यांनी मला पंचावन्नाव्या वर्षी सायकल कशी शिकवली. दहाव्यालाही जो तो हेच सांगत होता. “ह्या वयात बायकुला सायकल शिकवली, असा माणूस हुणं न्हाई.” मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, रडतेय. मला लाज वाटत होती.

कारण, अहो, मला सायकल येत होती.

सांगून टाकलं एकदाचं. आता असाल तिथे नीट बसून घ्या, सगळं सांगते.

माहेरी, पलूसच्या बाजूला, आमचं रान नदीकाठी. माझ्या धाकट्या भावाची, बाळूची, सायकल घेऊन मी रोज वडिलांची भाकरी रानात पोचवायची. कॅरिअरला भाकरीचं फडकं, हँडलला ताकाची किटली, आणि वाट कसली, तर दोन उसांच्या मधली पाऊलवाट. ताकाचा थेंब सांडत नव्हता. पण तुमच्याकडची मंडळी मला बघायला आली आणि तुमच्या आईंनी विचारलं, “पोरगी सायकलवर हिंडती का?” वडील कपातला चहा बशीत ओतत म्हणाले, “छ्या, तिला येतच न्हाई.” बापाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? पुढे तुम्ही पलटणीत, मी रहिमतपुरात पिठाची गिरणी आणि सासूबाई सांभाळतेय. सायकलचा विषय कुणी काढलाच नाही.

चोवीस वर्षं पलटण झाली, मग साताऱ्यात कंपनीच्या गेटवरची नोकरी. कायमचे घरी आलात तेव्हा तुमचे केस पांढरे आणि घरातल्या वस्तू कुठे असतात याचा पत्ता नाही. “कायतरी मदत करू का?” म्हणत गिरणीत आलात आणि पहिल्याच दिवशी कुणाच्या गव्हात कुणाची ज्वारी ओतलीत. दोन्ही बायका माझ्याशी आठ दिवस बोलत नव्हत्या. त्यानंतर तुम्ही ओट्यावर बसून राहायचात. पाहुणा आल्यासारखे. मला ते बघवत नव्हतं आणि काय बोलावं तेही कळत नव्हतं.

मग एक दिवस टेम्पोतून दोन सायकली उतरवल्यात. डोंगरात चालवायच्या, जाड टायरच्या, गिअरच्या, पुढे शॉकअप. “एक माझी, एक तुझी.” मी तोंड उघडायच्या आत पुढे म्हणालात, “तुला येत न्हाई, म्हाईत हाय मला. घाबरायचं न्हाई. म्या शिकवतो की.” तुमचा चेहरा इतका फुलला होता, की वडिलांचा शब्द मी दुसऱ्यांदा राखला.

अहो, येत असलेली गोष्ट न येणं किती अवघड असतं याची कल्पना आहे का तुम्हाला? पाय आपोआप पॅडल मारायचे. त्यांना आवरायला लागायचं. तुम्ही दुकानदाराशी भांडून माझ्या सायकलला कॅरिअर बसवून घेतलंत, का तर मागून धरायला. “आवं, असल्या सायकलीला कॅरेज नसतंय,” तो सांगून दमला. रोज पहाटे कालव्यावर तुम्ही मागून धावायचात आणि ओरडायचात, “नजर सामने! हँडल ढिला!” मी मोजून दर शंभर पावलांना पडायची. शक्यतो गवतात. एकदा अंदाज चुकला आणि शेणाच्या ढिगात गेले. ते पडणं मात्र खरं होतं.

हातात काठी घेतलेली एक मेंढरंवाली आजी आपल्याला रोज बघायची. एक दिवस थांबली आणि तुम्हाला म्हणाली, “बाबा, माझी कोकरं एका दिसात चालाय लागत्यात. हिला लय येळ लागला रं.” तुम्ही छाती काढून म्हणालात, “मावशी, ट्रेनिंग पक्की पायजे.” तीन महिने चालली ती ट्रेनिंग. पलटणीत नव्या पोरांना तुम्ही एवढा वेळ दिला असता का?

पुढे फिरलो मात्र खूप. पाटणच्या बाजूला कोयनेकाठच्या झाडीतून, पानांचा थर तुडवत. येरळा नदीच्या वाळूत सायकली खांद्यावर घेऊन. सागरेश्वरच्या डोंगराकडेने जाताना हरणांचा कळप आडवा आला, तेव्हा तुम्ही त्यांना हात दाखवून आधी जाऊ दिलंत आणि मला म्हणालात, “शिस्त बघ.” मला हसू आवरलं नाही.

आणि माहेरच्या चिबडाचं काय? उसाला पाणी पाजून पाजून बिघडलेलं ते रान, वरून पांढरं, वाळलेलं दिसतं आणि खाली नुसता चिखल. मी म्हटलं, बांधावरून जाऊ. तुम्ही म्हणालात, “मऊ जमिनीत लो गिअर टाकायचा आन थांबायचं न्हाई.” दहा हात गेलात. तिथे सायकल थांबली, मग तुम्ही खाली खाली जायला लागलात. बाळूने दोर टाकून ओढलं तेव्हा आधी सायकल आली, मागून तुम्ही, आणि एक बूट अजून तिथेच आहे. “जमीन चेक करत हुतो,” म्हणालात. त्या वीतभर रुंद बांधावरून मी सायकल चालवत पलीकडे कशी पोचले, हे मात्र विचारलं नाहीत. गुडघाभर चिखलातल्या माणसाला प्रश्न सुचत नसतील, असं मी धरून चालले.

मग गेल्या वर्षी एका सकाळी चहा ठेव म्हणालात आणि चहाला उकळी येईपर्यंतही थांबला नाहीत. असं करतात का? मी दोन्ही कप घेऊन उभी. तेव्हापासून माझ्या मनात एकच कुरतडतंय, की तुम्ही गेलात ते मला सायकल शिकवल्याच्या समाधानात, आणि ते समाधान मी दिलेलं खोटं नाणं होतं.

परवा रविवारी माझी सायकल टेम्पोत टाकून माहेरी गेले. एकटीच नदीकाठाने चिबडापर्यंत चालवत गेले. बाळू वैरण कापत होता. त्याच्याजवळ बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तो विळा बाजूला ठेवून म्हणाला, “ताई, दाजींना म्हाईत हुतं की.”

“काय माहीत होतं?”

“तुला सायकल येती ते. तुमच्या पयल्या दिवाळसणाला मीच सांगितलं. ताई माझी सायकल न्ह्यायची, मला चालत शाळंत जावं लागायचं, म्हणून गाऱ्हाणं केलं हुतं.”

तो म्हणाला, सायकली घेतल्या त्या दिवशी तुमचा त्याला फोन आला होता: “बाळू, तुझ्या ताईला सायकल येत न्हाई. ध्यानात ठेव.” आणि तो गडी तुम्ही गेल्यावरही ध्यानात ठेवून बसला.

मी विचारलं, “पण का रे? तीन महिने मागे पळाले ते.”

“मीबी इचारलं. तर म्हणालं, लय मजा येती रं. ती पडायचं सोंग असं काय करती, तमाशात बघाय मिळायचं न्हाई.” बाळूने विळा पुन्हा हातात घेतला आणि म्हणाला, “आन म्हणालं, पडली की हात धरून उठवाय मिळतंय. पलटणीत असताना कवा मिळालं?”

मी तिथेच चिखलाच्या कडेला बसून आधी हसले आणि मग जसं रडू आलं, तसं वर्षभर आलं नव्हतं.

आता आठवतंय. एकदा कालव्यावर वळणावर म्हैस समोर आली आणि मी विसरून झटकन हँडल वळवून, ब्रेक दाबून, एक पाय टेकवून नीट थांबले होते. तुम्ही मागून आलात आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलात. तुमच्या त्या बुटांना नाडीच नव्हती. लबाड माणूस. मी पडत होते तुमच्यासाठी, आणि तुम्ही मला उचलत होता तुमच्यासाठी. मलाही हात हवाच होता, हे तुम्हाला कळलं होतं ना? तेवढं कळलं असलं म्हणजे झालं. मी तोंडाने कधी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. तुम्ही मला हवे होता. पलटणीत असतानाही, ओट्यावर बसलेले असतानाही.

गुरुवारी काय बोलायचं, याचा मला घोर लागला होता. खरं सांगितलं तर तुमचं हसं होईल, आणि खोटं बोलायचं तर तुमच्या फोटोसमोर. आता घोर नाही. तुम्हाला शब्द देते, मान वर करून सांगेन की मला सायकल यांनीच शिकवली आणि पुरे तीन महिने लागले. कुणी विचारलं, एवढा वेळ का, तर सांगेन, शिकवणाऱ्याला घाई नव्हती, आणि शिकणारीलाही.

तुमचीच,
सुमन