फ्लॉपीला कुंकू

२४ सप्टेंबर १९८७, गुरुवार
खटाक्. मग तारेची लांब सळसळ, आणि पार तिकडे सिग्नलचा हात खाली. इगतपुरीला वडील रेल्वेच्या केबिनमध्ये लिव्हर ओढायचे, मी पायरीवर बसून शाळेतल्या कविता घोकायचो. तो आवाज किती वर्षांनी ऐकला! आज सूनबाईंचा कॉम्प्युटर आला. पुढच्या खोलीत मांडला, बटण दाबलं, आणि आत कुठेतरी खटाक्, खर्रर्र.
"वृंदा, गाडी सुटली!"
"अण्णा, फ्लॉपी फिरतेय ती."
फ्लॉपी म्हणजे काळं चौकोनी पाकीट, आत पातळ तबकडी.

२६ सप्टें., शनि.
वृंदाचा मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास ५ तारखेला, सोमवारी सुरू. कॉलेज रोडवर मोठा क्लास चालवणारे दाणी तिला बाजारात भेटले. म्हणाले, "घरातच क्लास? छान. शेजारी पापड-लोणचीही ठेवा." सांगताना हसत होती, पण जेवली नाही धड.
दुपारी मला समजावलं. वीज आली तरी यंत्राला फार थोडं कळतं. आपली मेमरी मोजायची आणि फ्लॉपीच्या दारात जाऊन उभं राहायचं, बस. फ्लॉपीवरची 'सिस्टिम' आत येऊन बसली की पुढचा कारभार तिचा. कळ दाबली तरी अक्षर थेट पडद्यावर उमटत नाही. आत जणू घंटी वाजते, हातातलं काम बाजूला राहतं, कुठली कळ ते बघितलं जातं, मग पडद्याला निरोप.
"अगं, ही तर आमची केबिन! ड्रायव्हरला केवढी का घाई असेना, रूळ तो बदलत नाही. शिट्टी देतो. लिव्हर केबिनमधूनच ओढतात. म्हणून तर दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत."
वृंदा बघतच राहिली. "अण्णा, सोमवारचा पहिला तास तुम्ही घ्या. हेच सांगा मुलींना."
मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर पहिला तास! संध्याकाळी नदीवर फिरून येताना खडूची पेटी घेतली. पांढरे आणि रंगीत दोन्ही.

२ ऑक्टो., शुक्र. दसरा
वृंदा सकाळीच माहेरी, निफाडला. उद्या येईल. पूजा माझ्याकडे. विळी, कात्री, लेकाची, शेखरची स्कूटर, माझं जुनं पेन. मग यंत्राला झेंडूची माळ. डब्यात सिस्टिमच्या दोन फ्लॉप्या, एक मूळ, एक वृंदानं केलेली नक्कल. खरी गाडी ह्यांच्या जिवावर, ह्यांना कसं वगळायचं? काळ्या पाकिटावर कुंकू उठून दिसेना. पण पाकिटाला एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून तबकडी चकाकते. तिथे लावलं. ओलं, ठसठशीत. एकीला लावून दुसरीला नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून दोघींना.
फार प्रसन्न वाटलं. चिवड्याबरोबर दोन वेळा चहा.

३ ऑक्टो., शनि.
"अण्णा… हे कुणी?"
"मीच. का गं?"
"त्या खिडकीतूनच वाचतं हो ते! तिथे साधं बोटही लावायचं नसतं."
पुसून बघितलं. खर्रर्र, खर्रर्र, आणि पडद्यावर इंग्रजीत तेच तेच, सिस्टिमची डिस्क घाला. दुसरीचंही तेच.
शेखर म्हणतो, "अण्णा, दोघींची लग्नंच लावून दिलीत की!" वृंदाही हसली. मग आत जाऊन डोळे पुसले. मुंबईच्या दुकानात फोन कोणी उचलेना, सणाची सुट्टी.
मी भीत भीत म्हटलं, "दाणींकडे मागावी का?"
"मुळीच नाही. पापडच लाटीन त्यापेक्षा."
यंत्र ठणठणीत. केबिनमध्ये माणूस नाही, एवढंच. खडूची पेटी कपाटात मागे सरकवली.

४ ऑक्टो., रवि.
काय धाडसाची पोर! पूजेतल्याच कात्रीनं पाकिटाची कड कापली, तबकडी बाहेर काढली. स्कूटरच्या बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यानं हलकेच धुतली. आता ती मलमलीवर पंख्याखाली वाळतेय. मग कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घालायची. चालली तर उद्या क्लास, नाही तर मुलींना परत पाठवायचं. मला राखणीला बसवलंय, वही मांडीवर घेऊन लिहितोय. चौथीतल्या कवितेची चाल आपोआप ओठांवर आली.
"अण्णा, गुणगुणा, पण तोंड तिकडे. थुंकी उडेल."
तबकडी कोरडी झालीसं वाटतं. वृंदानं हात धुतले. कडेनं धरून सरकवतेय. गेली आत! यंत्राच्या बटणावर तिचं बोट. "म्हणा काहीतरी."
हात जोडणार तेवढ्यात बाहेर कडी. "अण्णा, बघा ना कोण आहे. मी थांबते."
खिडकीतून पाहिलं. दाणी! घामाघूम, स्कूटर चालूच ठेवलेली.
"वहिनी आहेत का? जरा अडचण झालीय. परवा आमच्या आईनं पूजा केली, आणि…"
हातात काळं पाकीट. पाकिटाच्या खिडकीत कुंकू. वर अक्षताही.
दार उघडायला उठतो.