खाडाखोड नसलेला अर्ज

१० ऑक्टोबर १९९९, रविवार
शुक्रवारच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. 'आज इंटरनेटवरून शिरवळच्या कंपनीला अर्ज पाठवला' असे मी लिहिले. पाठवला नाही. पाठवण्याच्या स्थितीत आणला. ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून खोटे चालते असे नाही.
बाकीची नोंद बरोबर आहे. औषधांची कंपनी. क्वालिटी कंट्रोल केमिस्ट, दोन जागा. अर्ज फक्त नोकऱ्यांच्या वेबसाइटवरून, ३१ डिसेंबरपर्यंत. मी एम.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. अख्ख्या इस्लामपुरात या जागेला माझ्याइतकी योग्य मुलगी नसेल. हे गर्वाने लिहीत नाही, मोजून लिहिले आहे.
आप्पांनी मुदत दिली आहे. वर्ष संपेपर्यंत नोकरी लागली तर लग्नाचा विषय बंद. नाही लागली तर वडूजचे लोक बघायला येणार. मुलाचे म्हणणे असे की बायकोने घराबाहेर काम करू नये. मुदत अडीच महिने. माझे काम एका दिवसाचे. काळजी नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार
सायबर कॅफे म्हणजे शिवतेजचे जुने खताचे दुकान. वास अजून युरियाचा. दोन कॉम्प्युटर आहेत. तो मला नेहमी आतल्या बाजूचा देतो. अभ्यासू माणसाला शांतता लागते हे त्याला कळते. (तो कॉम्प्युटर लय हळू चालतो म्हणून गिऱ्हाईक त्यावर बसत नाही, असे माझी चुलत बहीण आम्रपाली म्हणते. तिला प्रत्येक गोष्टीत वाईट दिसते.)
आज शिवतेजने विचारले की ताई, बटन कवा दाबताय. त्याला नियम समजावून सांगितला. आप्पा शाळामास्तर होते. तिसरीपर्यंत त्यांनी मला घरीच शिकवले, मग एकदम चौथीत बसवले. त्यांचा नियम: अर्ज आधी पेन्सिलीने लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, मग शाईने उतरवायचा. खाडाखोड झालेला अर्ज म्हणजे खोटा अर्ज.
कॉम्प्युटरवर खाडाखोड दिसतच नाही. कितीही खोडा, कागद कोराच्या कोरा. मग खरे-खोटे कळणार कसे? म्हणून संपूर्ण फॉर्म फुलस्केपवर उतरवून घेतला. घरी पेन्सिलीने भरणार.
एक गोष्ट खटकली. जात विचारणारा रकाना नाही. आयुष्यातला असा पहिलाच फॉर्म. दोनदा वरपासून खालपर्यंत शोधला. आप्पा म्हणाले, विचारत नाहीत तर बरंच झालं. पण सवय झालेल्या हाताला चुकल्यासारखे होते. 'इतर माहिती'त दाखल्याचा नंबर टाकावा की नाही, यावर विचार चालू.

१६ ऑक्टोबर, शनिवार
बटन दाबल्यावर नक्की काय होते हे माहीत नसताना दाबणे बेजबाबदारपणाचे. आधी चाचणी हवी. खोट्या नावाने अर्ज भरणे ही फसवणूक, म्हणून आम्रपालीला बसवले. केरबाकाकांची मुलगी. बी.एस्सी., सेकंड क्लास, तोही दुसऱ्या दमात. जाहिरातीत बी.एस्सी. चालेल असे आहे, म्हणून नियमात बसते, इतकेच.
शेंगा खात खात तिने फॉर्म भरला. छंद: टीव्ही. इंग्रजी कसे: बरे. सात मिनिटे लागली. बटन दाबले. थँक्यू आले.
चाचणी यशस्वी. आशा ठेवू नकोस, असे तिला स्पष्ट सांगितले. नंतर दुःख नको. ती म्हणाली, व्हय ताई, शेंगा हाईत का अजून.
माझ्याकडे ई-मेल नाही, तिच्याकडेही नाही. गावात सगळे शिवतेजचाच पत्ता देतात. तो आलेले पत्र छापून ठेवतो.

१९ ऑक्टोबर, मंगळवार
फुलस्केपवरचा अर्ज शाईने पूर्ण. एकही खाडाखोड नाही. आप्पांनी दोनदा ऐकला. आई म्हणाली, अक्षर लय देखणं हाय गं, ह्येचं काय करायचं आता? काही नाही, म्हटले. कॉम्प्युटरवर भरून झाले की फाडायचा.
आता साक्षांकन. आजवर एकही अर्ज राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याशिवाय मी दिलेला नाही. आपल्या ओळखीचे राजपत्रित अधिकारी एकच: जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर नानासो. कॉम्प्युटरवर सगळा अर्ज भरला, छापून घेतला आणि शिवतेजला पडद्याला हात लावू नको सांगून दवाखान्यात गेले.
डॉक्टर म्हशीजवळ होते. हात धुऊन त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "मूळ कुठंय?"
मूळ कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटले. ते म्हणाले, मूळ पाहिल्याशिवाय मी आजवर खऱ्या प्रतीचा शिक्का मारलेला नाही आणि मारणार नाही. किती दिवसांनी असा माणूस भेटला! अपमान झाला नाही, उलट बरे वाटले. शुक्रवारी ते स्वतः कॅफेत येणार.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी फॉर्म पुन्हा भरून ठेवला. डॉक्टर दोन तास उशिरा आले, वाटेत गाय अडली होती. मी त्यांना पडद्यावर मूळ दाखवले. मुळाच्या जागी 'पेज एक्स्पायर्ड' असे आले होते. शिवतेज म्हणाला, लई वेळ थांबलं की त्ये आपसूक मरतं. आधी का सांगितले नाही, तर म्हणे तुमी इचारलं न्हाई.
डॉक्टरांनी वेळ काढला होता. त्यांनी पडद्यावर जे होते ते छापायला लावले, पडद्याशी शब्द न् शब्द ताडून पाहिले आणि शिक्का मारला. 'मुळाबरहुकूम खरी प्रत.' खाली सही.
म्हणजे अर्धे काम झाले. कागद फुलस्केपला टाचून ठेवला.

२७ ऑक्टोबर, बुधवार
आम्रपालीला इंटरव्ह्यूचे पत्र. शनिवारी सकाळी दहा, शिरवळ. कंपनीची काहीतरी चूक आहे. शिवतेजने छापील कागद माझ्याकडे दिला. तिला नेऊन दिला.
माझा अर्ज वाटेत असता तर हा गोंधळ झाला नसता.

३१ ऑक्टोबर, रविवार
दुरुस्ती. बुधवारी कागद आम्रपालीला 'नेऊन दिला' असे लिहिले. बुधवारी दिला नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिला. दोन दिवस माझ्याकडे होता, कारण खात्री न करता एखाद्याला आशा लावणे मला योग्य वाटत नाही. खात्री कशी करायची याचा मी दोन्ही दिवस विचार करत होते.
उशीर झाला म्हणून ती जाणार नाही असे वाटले होते. पहाटेच्या एस.टी.ने गेली. माझी साडी मागत होती. दिली नाही, कारण उसन्या कपड्यात इंटरव्ह्यू देणे म्हणजे स्वतःबद्दल खोटे सांगणे. तिला तत्त्व पटले असावे, स्वतःच्याच कपड्यात गेली.
काय विचारले म्हटल्यावर म्हणाली, टायट्रेशन विचारलं. येत न्हाई म्हणून सांगितलं. मग त्यांनी करून दाखवलं, मग मी करून दाखवलं.
येत नाही असे इंटरव्ह्यूत कोणी सांगते का? सुटली बिचारी.

१५ नोव्हेंबर, सोमवार
आम्रपाली कामावर रुजू झाली. केरबाकाकांनी गल्लीत पेढे वाटले. मला दोन दिले, अर्ज तू भरून घेतलास म्हणून. भरून घेतला नव्हता, चाचणी होती. पण पेढे खाल्ले.
एक जागा अजून शिल्लक.

२८ नोव्हेंबर, रविवार
चौथ्यांदा फॉर्म भरला. शेवटच्या ओळीत 'वरील सर्व माहिती खरी आहे' यावर खूण करायची असते. थांबले. 'छंद: वाचन' लिहिले आहे. जूनपासून एकही पुस्तक वाचलेले नाही. घरी येऊन पुस्तक वाचायला घेतले. संपले की खूण.

१२ डिसेंबर, रविवार
घरात मोठा गैरप्रकार. फुलस्केपवरचा अर्ज जागेवर नव्हता. आईने तो बायोडाटा म्हणून केरबाकाकांच्या हाती वडूजला पाठवला. ती म्हणाली, नाव हाय, शिक्षण हाय, उंची तेवढी मी खाली लिवली. माझ्या शाईखाली तिची पेन्सिल.
वडूजच्यांना पसंत आहे. अक्षर फार आवडले. मागे टाचलेल्या कागदावर जनावरांच्या डॉक्टरचा शिक्का का, एवढेच विचारत होते. काकांनी सांगितले, आमच्या घरात सगळं तपासूनच देतात.
२ जानेवारीला, रविवारी, बघायला येणार. माझ्या अर्जाला चार दिवसांत उत्तर आले, हे मात्र नोंदवले पाहिजे.

१९ डिसेंबर, रविवार
आम्रपाली सुट्टीवर आली. नवी चप्पल, मनगटी घड्याळ. कंपनीत आलेले अर्ज छापून साहेबांसमोर ठेवायचे काम तिच्याकडेच आहे. तिने साहेबांना सांगितले होते, घरी माझ्यापरीस हुशार बहीण हाय, एम.एस्सी. साहेबांनी विचारले, मग तिने अर्ज का नाही केला?
"मी म्हटलं, ती अजून तपासतीया. साहेब लय हसलं. ताई, आज पाठव. मी वरच ठेवते. दुसरा अर्जच न्हाई गं आलेला."
म्हणजे वशिला. आता तर आज पाठवणे शक्यच नाही. तिला तसे सांगितले. तिने कागद कुठाय विचारले, मी भरते म्हणाली. माझ्या नावाने दुसऱ्याने भरायचा? मी दार लावून घेतले. बाहेरून बराच वेळ ताई, ताई ऐकू येत होते. मग चपलेचा आवाज.
पुस्तक पान ४२.

३० डिसेंबर, गुरुवार
पुस्तक संपले. छंदाचा रकाना आता खरा आहे.
शिवतेज म्हणतो, ताई, उद्या शेवटची तारीख हाय, आत्ताच बसा, आज पैसं नगं. पण तोच म्हणतो की परवा सगळ्या कॉम्प्युटरच्या तारखा बिघडणार. बिघडायच्या आदल्या दिवशी पाठवलेल्या अर्जाचा काय भरवसा? शिवाय उद्या सगळे घाई करतील. घाईत खाडाखोड होते. जाहिरात उद्या बंद झाली की परवा गर्दीही नसेल, माझा अर्ज एकटा, स्वच्छ, नव्या सालातला पहिला. साहेबांच्या नजरेत भरेलच.
आईने पोह्यांना जाड पोहे आणले. साडी काढून ठेवली, आम्रपालीला दिली नव्हती तीच. परवा घरचे सगळे टेम्पोने कोरेगावच्या विजयस्तंभाला जाणार. घर शांत असेल. वडूजचे लोक त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे हातात पूर्ण एक दिवस. आम्रपालीला सात मिनिटे लागली होती.
तारीख पक्की, आप्पांनाही सांगितली. ते चष्मा पुसत बसले. शनिवार, १ जानेवारी २०००, सकाळी दहा वाजता.