न ऐकलेलं इंजिन

अंबड, नाशिक

प्रिय हर्षल भाऊजी,

माझा बहिरूमामा फुलांचा टेम्पो घेऊन पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. वहिनीला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली म्हणून हसाल. हसा, पण एवढं करा, हे वाचून संपेपर्यंत त्या रॅलीच्या गाडीची किल्ली फिरवू नका. फोनच केला असता, पण तुम्ही "काय वहिनी, काय म्हणतोय आमचा उस्ताद?" असं विचारलंत की माझ्या तोंडून आपोआप "मजेत" निघतं. वर्षभर तेच निघतंय. आणि मजेत काही नाही हो इथे.

तुमचं ते इंजिन. दोन लिटरचं, कंपनीतून निघालं तेव्हा दोनशे घोड्यांच्या ताकदीचं. तुम्हाला हवे होते तीनशे, म्हणून ह्यांच्या गॅरेजात दिलंत. तुमचे दादा येईल त्याला समजावून सांगतात तसं मलाही आता पाठ झालंय, की टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात जबरदस्तीने हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. पण कोंबायलाही मर्यादा आहे. ती ओलांडली की पेट्रोल वेळेआधीच पेटतं, आतून तडतड असा बारीक आवाज येतो, पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा, आणि बघता बघता पिस्टन वितळतो. त्या आवाजाच्या जरा अलीकडे थांबायचं, ही ह्यांची सगळी विद्या. त्यासाठी सेन्सर असतो म्हणाल, तर रेसच्या इंजिनात तो नुसत्या खडखडाटालाही दचकतो म्हणून तुम्हीच तो बंद करायला लावलात. कॉम्प्युटर हेही बघतात, पण शेवटचा शब्द कानाचा. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, की झालं. त्या कानाच्या भरवशावर तुम्ही इतकी वर्षं घाट उतरताय.

तो कान गेलाय, भाऊजी. दोन्ही गेलेत. आधी मोबाइलची रिंग गेली, मग आमच्या वेदिकाचं बोलणं. पोरगी बापावर चिडायला लागली, मला वाटलं वयाचा आगाऊपणा. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. ट्रक ऐकू येतो, टर्बोची शिट्टी नाही. टेस्टच्या खोलीत इंजिन किंचाळत असताना कानाला लावायची ती टोपणं खिळ्याला नुसती लटकलेली असायची. मी ओरडले की म्हणायचे, कान झाकले तर ऐकू काय, कपाळ? शेवटी कानात मळ साचलाय म्हणून डॉक्टरकडे ओढून नेलं. आवाजाने आतल्या नसा जळाल्यात, परत येणार नाहीत, मशीन लावलं तर माणसांचं बोलणं थोडंफार कळेल, असं तो म्हणाला. ह्यांना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. बाहेर येऊन मला विचारलं, "मळच ना?" मी होकारार्थी मान डोलावली. मशीनचं नाव काढायची सोय नाही. काही लिहून दाखवलं तर, मी काय बहिरा आहे का, म्हणून कागद भिरकावतात.

तेव्हापासून इंजिन टेस्टला लावलं की मला चहाची ऑर्डर येते. मी कप घेऊन दारात उभी राहते, हे बूस्ट, म्हणजे ती कोंबलेली हवा, वाढवत जातात आणि इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहतात. तडतड ऐकू आली की माझ्या कपाळाला आठी पडते. आठी दिसली की हे मागे येतात. यावर आमच्यात आजवर एका शब्दाचं बोलणं झालेलं नाही. मखमलाबादला गुलाबाच्या वाफ्यांत वाढलेली मी, आता मला कुठल्या सिलिंडरचं दुखतंय ते कळतं. चहा तसाच गार होतो, मग मीच पिऊन टाकते. एवढ्या गार चहाने माझी जीभ गोड व्हायला हवी होती, पण कुठली व्हायला!

मागच्या महिन्यात माझी आई, साळूबाई, अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात तिच्या उशाशी, आणि इकडे ह्यांनी दोन इंजिनं पुरी केली. एक तुमचं, एक ओझरच्या रोहितचं. दारात चहा घेऊन कुणीच नव्हतं. परत आल्यावर विचारलं, कशी झाली? "गाणं म्हणतायत दोन्ही," म्हणाले, आणि म्हणताना माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पदराने भांडी पुसत बसले. तोवर तुमचं इंजिन पुण्याला गेलं होतं.

आज सकाळी रोहितची गाडी दोरीने ओढत आणली. हायवेवर इंजिन जागच्या जागी जाम झालं. गाडीत बायको, तिच्या मांडीवर बाळ. मागच्या ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक दाबला म्हणून आज बोलायला तरी माणसं आहेत. रोहित नाही नाही ते बोलला, ह्यांना त्यातलं निम्मंही पोचलं नसेल. हे आपले इंजिन खोलून, पिस्टनला पडलेल्या भोकात बोट घालून उभे. मग म्हणाले, पेट्रोलच भेसळीचं असणार. भाऊजी, ह्या माणसाने जन्मात कधी पेट्रोलवर ढकललेलं नाही. दुसरे मिस्त्री तसं म्हणाले की हेच त्यांची टर उडवायचे. मी तुमचं नाव घेतलं, हातवारे करून सांगितलं की हर्षल भाऊजींना कळवा. तर मला म्हणतात, "हर्षलचं चोख आहे, ते मी स्वतः ऐकलंय." तुम्हाला धाकटा भाऊ मानणारा माणूस हे बोलला. आता ह्यांना कुठून धरून वर काढू, मला काहीच सुचत नाही. रडायलाही येत नाही.

रविवारी तुम्ही तेच इंजिन घेऊन घाटात उतरणार, शेजारी रस्ता सांगायला तो राकेश बसणार, त्याचं तर अजून लग्नही व्हायचंय. म्हणून लिहिलं. ते इंजिन कुणीही ऐकलेलं नाही. दुसऱ्या कुणाकडे नेऊन उघडा, नाहीतर रविवारी घरी बसा, पण असं चालवू नका. तुम्ही दुसरीकडे गेलात हे लपून राहणार नाही, आणि मग ह्यांच्या दारात गाडी थांबायची नाही. बाकीचे कधीच गेले, रोहित आज गेला, शेवटचे तुम्हीच उरला होतात. मला कळतंय मी ह्यांच्या हातातून काय काढून घेतेय. टेम्पो निघाला की खाली गॅरेजात जाऊन ह्यांना सांगणार आहे, की मी तुम्हाला कळवलं. जवळ बसावं, हात हातात घ्यावा आणि हळूच सांगावं असं हे बोलणं. पण हळू सांगायची सोय राहिली नाही हो. ओरडूनच सांगावं लागेल, आणि ते आधी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल, मग ह्यांना.

तुमचीच,
शुभांगी वहिनी