‘कामी आला’ म्हणजे काय

मुलुंड

दादा,

तुला आणि वहिनीला जयभीम. दर्शनाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून लिहावं लागतंय.

माझी ही नात फोनवर लढाईचा गेम खेळत होती. मी म्हटलं, “तुझ्या दादाआजोबांचा मित्र धम्मपाल एकाहत्तरच्या लढाईत कामी आला.”

ती म्हणाली, “कोणाच्या कामी आला गं, आजी? काय मदत केली त्याने?”

मी सांगितलं, कामी आला म्हणजे मेला. तिने गेम बंद केला. “मग सरळ मेला का नाही म्हणत? आणि दादाआजोबा कुठे होते तेव्हा?”

इतिहास घेऊन बी.ए. झाले, मला लढाईच्या तारखा येतात. धम्मपाल कसा गेला ते फक्त तुला ठाऊक. आम्ही विचारलं की तू ‘कामी आला’ एवढंच म्हणून उठून जातोस. या वेळी उठू नकोस.

दर्शना शनिवारी तिकडे येतेय. तिला सिनेमासारखं सांगू नकोस. भीती वाटली असेल तर वाटली म्हण. रडू आलं तर येऊ दे, पोरगी समजूतदार आहे. अगदीच जमलं नाही तर नुसता तिच्याजवळ बस.

गुडघा कसा आहे? वहिनी तेल लावते ना? माझी साखर आटोक्यात आहे.

तुझी,
द्रौपदी

दर्शनाजवळ दिलं: धम्मपालचा लोकरी मफलर, तू लढाईवरून आल्यावर माझ्याकडे ठेवायला दिलेला. धुतलेला नाही.