आधी डाव्या कानाला, मग उजव्या

बाबा,

गाडी गॅरेजात आहे. पुलावर बंद पडली, बॉनेटमधून वाफा निघाल्या, आणि दुखरे गुडघे घेऊन आई अर्धा तास कठड्याला टेकून उभी राहिली. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. मेकॅनिक म्हणाला, "महिनाभर तरी घरघरत असणार, कोणालाच कसं ऐकू आलं नाही?"

आलं होतं ना! मला आलं, आईला आलं, समोरच्या काकूंनी तर गॅलरीतून विचारलं, "गाडीला काय झालंय?"

आणि तुम्ही? रविवारी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत आणि म्हणालात, "ठणठणीत आहे. उगाच शंका काढू नका." तीस वर्षं लोकांच्या गाड्या अशाच ऐकून दुरुस्त केल्यात, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण माझं लक्ष होतं. आधी डाव्या कानाला लावलात, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. एवढं कधी लागायचं हो तुम्हाला?

गाडी गेली खड्ड्यात. तुम्ही आमच्यापासून लपवलंत, त्याने डोकं फिरलंय माझं.

उद्या दहाला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय, बसनं. "मला काही झालेलं नाही" हे पालुपद नको. गुडघे दाखवायला आईला दवाखान्यात सोडलंय, तिला आणायला निघालेय. ती आली की तिला तुम्हीच सांगायचं.

आणि घरात असताना चिठ्ठ्या कसल्या लिहितेस, असं विचारू नका. मघाशी तुमच्या खुर्चीमागे उभी राहून हे सगळं मी तावातावाने सांगितलं. तुम्ही शांतपणे पेपरचं पान उलटलंत.