टिपकागद

फणसवाडी, गिरगाव
१२ जून २०२५

चि. उर्मिला,
आशीर्वाद. तिघंही सुखरूप असाल. माझे गुडघे कुरकुरतात, पण मीही कुरकुरतो, त्यामुळे आमचं जमतं. तू आणलेलं भुजणं दोन दिवस पुरवून खाल्लं. मीठ जरा जास्त होतं. एवढंच कळवायला शीवला स्पीड पोस्ट कशाला, असं म्हणशील. पुढचं फोनवर बोलायला मला जमणार नाही, म्हणून.

रविवारी जेवताना तुझ्या लेकीने, कादंबरीने, वनस्पतिशास्त्र घ्यायचं म्हटलं, तेव्हा तू तिला म्हणालीस, "आपल्या हाताला ते नाजूक काम जमत नाही गं. मला साधं शेवाळ वाळवता आलं नाही." मी भात कालवत बसलो.

लग्नाआधी, शिकत असताना, वाळकेश्वरच्या खडकांवरचं ते बोटभर लाल शेवाळ तू ओहोटीला वाकून वाकून गोळा केलं होतंस. ट्रेमधल्या पाण्यात तरंगवून, सुईने एकेक फांदी सुटी करून कागदावर घ्यायचीस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी सबंध नोकरी झाली, पण असा हात पाहिला नाही. ते तीस नमुने जर्मनीला जाणार होते आणि त्यांवर तुझी तिथली संशोधनाची जागा ठरणार होती.

तू इस्पितळात आईजवळ राहिलीस. फळ्यांच्या दाबाखालचे ओले टिपकागद रोज बदलायचं काम माझ्यावर सोपवलंस. मी बदलले नाहीत. विसरलो नव्हतो, उर्मिला. चार दिवस रोज त्या फळ्यांपाशी उभा राहायचो आणि तसाच परत यायचो. तू गेलीस तर हिचं करायचं कोण, या धास्तीने. पाचव्या दिवशी तू उघडलंस तर सगळ्यांवर बुरशी. मोसम संपलेला, खडकांवर नवं यायला दिवाळी उजाडणार. आई तर गणपतीआधीच गेली.

रडत म्हणालीस, "बाबा, माझाच हात वाईट." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. नमुने नासवले त्याहून हे वाईट केलं. आधी भीती होती, मग लाज. मग तू बँकेत लागलीस, संसारात रमलीस, मला वाटलं मिटलं. तू तर तेच आता पोरीला सांगते आहेस.

सोमवारी तिच्या अर्जाची शेवटची तारीख. माझ्याशी बोलू नकोस, येऊ नकोस, मी तक्रार करणार नाही. पण त्याआधी तिला समोर बसवून खरं काय ते सांग. आजोबांबद्दल तिला जे वाटायचं ते वाटू दे.

तुझा अपराधी,
बाबा