दोन सूत

ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणजे हात मोडला नसेल तर मुद्दामच. बाबांचा उजवा डोळा गेला. डावाही दोनेक महिन्यांचाच सोबती आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना स्वतः घासलेल्या आरशातून शनीची कडी एकदा बघायची आहेत, बाकी काही मागत नाहीत. त्यांची ती दुर्बीण तुझ्या माळ्यावर पडली आहे, ती लावून ठेव. स्क्रूंना जपून हात लाव, तुझा हात घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

लोभ आहेच, उत्तर पाठवलंस तर वाढेल.

ताई

ता. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. माझ्या हाताचं काढलंस म्हणून लिहितो. पंधरा दिवस तिकीट खिडकीवरून घरी आलो की दुर्बिणीला भिडतो आहे. नळीच्या तळाशी मोठा आरसा, त्याच्या मधोमध बाबांची काळी कागदी चकती. डोळा लावायच्या जागी बसवलेल्या, भोक पाडलेल्या टोपणातून बघत मागचे तीन स्क्रू पिळायचे, चकती भोकाच्या प्रतिबिंबात बसली की लहान-मोठे दोन्ही आरसे एका रेषेत आले. मी ती केसभरही न चुकता बसवली. तरी ताऱ्याला झाडूसारखी शेपूट.

रविवारी आरसाच बाहेर काढला. त्याच्या मापाचा कागद कापला, चौपदरी दुमडून मध्य काढला आणि आरशावर ठेवला. चकती दोन सूत सरकलेली आहे, म्हणजे चांगला पाव इंच. बाबा कारखान्यात अर्ध्या सुतासाठी माणसाला घरी पाठवायचे, हे त्यांचं काम नव्हे. चकतीखाली निळा खडू लागला आहे. आपल्या घरात निळा खडू कापड बेतायला फक्त तूच वापरायचीस.

मी पंधरा वर्षांचा होतो, ताई. गच्चीवर जमलेल्या लोकांना अशीच शेपूट दिसली; आदल्या दिवशी स्क्रू मी फिरवले होते, म्हणून चारचौघांत बाबा म्हणाले, "याच्या हाताला शिस्त नाही." मला कारखान्यात चिकटवायचं ठरलं होतं, तेही राहिलं. तू तिथेच उभी होतीस. खरं काय ते लिही, नाहीतर शनी तुमच्या गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी बघा.

लोभाचं नंतर बोलू.

धाकटा

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. आ. वि. वि. हो, मीच. आरशावर धूळ होती, बाबा खूश होतील म्हणून धुतला, तर चकती पाण्यात सुटून आली. घाईत अंदाजाने चिकटवली. कापड मी कधी अंदाजाने बेतलं नाही, नेमकं तेव्हाच अवदसा आठवली. तुला बोलणी बसली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पण सत्तावीस वर्षं गप्प बसण्याला भीती म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. वर आपलं सूत जमत नाही ते तुझ्या तुसडेपणामुळे, असं जगाला सांगत आले.

काल बाबांना सांगितलं. वाटलं, भडकतील. ते म्हणाले, खडू त्याच आठवड्यात दिसला होता. तेव्हापासून ते चकतीकडे न बघता थेट ताऱ्याकडे बघूनच आरसा लावायचे. मग बोलला का नाहीत, असं विचारलं. म्हणाले, "तुझं लग्न ठरत होतं. तो पोरगा होता, विसरेल वाटलं."

हे लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, पण लपवून काय होतं ते बघितलं आहे. शनी दाखवायचा की नाही, तू ठरव.

लोभ मागायला तोंड नाही.

ताई

ता. ५ मार्च

ती. ताईस,

न. वि. वि. चकती सोडवून मध्यावर नवी लावली. तारा आता टाचणीच्या टोकासारखा दिसतो. शनिवारी संध्याकाळी बाबांना घेऊन ये. जिना अंधारा आहे, त्यांचा हात धर. शनी मी शोधून देईन. माफी दोघांनीही मागू नये, मला ऐकवणार नाही. कडी दिसली की दुर्बीण कुणी लावली एवढं त्यांना सांग. आणि तो पोरगा विसरला नाही, हेही सांग.

जुनी चकती सोबत पाठवतो. तुझ्या शिवणमशीनवर चिकटव, अंदाजाने.

लोभ आहे. दोन सूत सरकलेला, पण आहे.

धाकटा